मला शिक्षक व्हायचंय

(संस्थेच्या रौप्यमहोत्सवी स्नेहसंमेलनात केलेल्या भाषणाचा मजकूर)



"सोसायटीची नवी पिढी" या विषयावर मला पाच मिनिटं बोलायला सांगितलं आहे. आमच्या पिढीत इंजिनीअर आहेत, सीए आहेत, एक जण तर परदेशात आहे. मी डी.एल.एड.च्या दुसऱ्या वर्षाला आहे, म्हणजे आपण सगळे अजूनही ज्याला डी.एड. म्हणतो ते. मला प्राथमिक शाळेत शिक्षक व्हायचंय. लिफ्टमध्ये हे सांगितलं की दोन प्रश्न येतात. पहिला म्हणजे, "हल्ली भरती कुठे होते रे?" दुसरा कोणी तोंडावर विचारत नाही, पण चेहऱ्यावर दिसतो. "ज्याला चौथीपर्यंत धड वाचता येत नव्हतं, तो शिकवणार?" आज या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर देतो.

हो, तोच शिकवणार. आणि वाचता येत नव्हतं हेही खरं आहे. "घर" लिहिलेलं असलं तरी मला "धर" दिसायचं, "भात"चा "मात" व्हायचा. वेलांटी कोणत्या बाजूला द्यायची ते रोज नव्याने ठरवावं लागायचं. जोडाक्षर आलं की गाडी थांबलीच. तोंडी हिशेब मी पटापट करायचो, पण तेच शाब्दिक उदाहरण म्हणून छापून आलं की शून्य. प्रगतिपुस्तकावर दरवर्षी एकच शेरा असायचा, "अभ्यासात लक्ष द्यावे." आई-बाबांनी तीन शिकवण्या बदलल्या. त्यांना दोष देणार नाही, कारण आळस आणि अडचण बाहेरून सारखीच दिसतात.

फरक ओळखला तो ए विंगच्या तळमजल्यावरच्या काकूंनी. पालिकेच्या शाळेत आयुष्यभर शिकवून त्या निवृत्त झाल्या होत्या. गणेशोत्सवात मी आरतीचं पुस्तक हातात धरून सगळ्या आरत्या खणखणीत म्हणत होतो, पण माझं पान शेवटपर्यंत पहिल्याच आरतीवर होतं. ते फक्त काकूंना दिसलं. त्यांनी आईला सांगितलं, "पोरगा हुशार आहे गं. सगळं कानाने शिकलाय. अक्षरं त्याला सापडत नाहीत. एकदा दाखवून घेऊ या."

मग सरकारी रुग्णालयात फेऱ्या झाल्या. आधी डोळे तपासले, मग कान, मग बुद्धिमत्तेची चाचणी आणि शेवटी वाचन-लेखनाची चाचणी. निष्कर्ष निघाला, अध्ययन अक्षमता. त्यातला वाचनाचा प्रकार म्हणजे डिस्लेक्सिया. २००७ साली आलेल्या "तारे जमीन पर"मुळे हा शब्द आपल्या सगळ्यांच्या कानावर आहे. काकू म्हणाल्या, "पिक्चर पावणेतीन तासांत संपतो. आपल्याला पावणेतीन वर्षं लागतील. यायचं असेल तर उद्यापासून ये."

मी गेलो. काकूंकडे ताटात रवा पसरलेला असायचा. अक्षर बोटाने रव्यात गिरवायचं आणि त्याच वेळी मोठ्याने म्हणायचं, म्हणजे डोळा, कान आणि बोट तिघंही एकाच कामाला लागतात. त्यांनी दाखवलं की "भ" आणि "ध"च्या डोक्यावरची रेघ तुटलेली असते, "म" आणि "घ"ची अखंड असते. इतकी वर्षं मी त्या अक्षरांकडे बघत होतो, पण कुठे बघायचं ते कोणी सांगितलं नव्हतं. जोडाक्षरं तोडून तोडून वाचायची. रोज वीसच मिनिटं, एक मिनिट जास्त नाही. आणि लाल पेन घरात नाही. सहावीत मी एक गोष्टीचं पुस्तक पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत स्वतः वाचलं.

पुढे दहावीला मला जादा वेळाची सवलत मिळाली. काही जणांना वाटतं, सवलत म्हणजे फुकटचे गुण. तसं नसतं. प्रश्नपत्रिका तीच, उत्तरंही मीच लिहिली, फक्त घड्याळ थोडं थांबलं. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात आधीच्या ७ प्रकारांऐवजी २१ प्रकार आले आणि त्यांत अध्ययन अक्षमतेचंही नाव आहे. ज्या पालकांना कागदपत्रांची लाज वाटते त्यांच्यासाठी हे मुद्दाम सांगतोय. हा हक्क आहे, उपकार नाही.

आता माझं आजचं. मी अजूनही हळूच वाचतो. हे बरं होऊन संपणारं दुखणं नाही. छात्राध्यापक म्हणून शाळेत पाठ घ्यायला जातो तेव्हा पाठाचं टाचण मोठ्या अक्षरात लिहितो आणि फळ्यावर येणारे अवघड शब्द आदल्या रात्री गिरवून ठेवतो. तरी ऱ्हस्व-दीर्घ कधीतरी चुकतंच आणि तिसरीची मुलं जोरात ओरडतात, "सर, पहिली वेलांटी!" मी म्हणतो, "शाब्बास, ये, तू दुरुस्त कर." पुढे टीईटी आहे. १५० प्रश्न, १५० मिनिटं. म्हणजे एका प्रश्नाला एक मिनिट, त्यातच वाचायचं आणि उत्तरही शोधायचं. पहिल्या झटक्यात पास होईन असं छातीठोकपणे सांगत नाही. पण गेल्या महिन्यात वर्गात एक मुलगा धडा घडाघडा म्हणत होता आणि त्याचं बोट तिसऱ्याच ओळीवर होतं. बाकी कोणाच्या लक्षात आलं नाही, माझ्या आलं. म्हणून मला या कामात राहायचंय.

शेवटी पालकांना दोन विनंत्या. तुमचं मूल तिसरी-चौथीतही अक्षरांची अदलाबदल करत असेल, तर शिकवणी बदलण्याआधी डोळे-कान तपासा आणि मग रीतसर चाचणी करून घ्या. आणि लिफ्टमध्ये दुसऱ्याच्या मुलाला टक्के विचारू नका. चौथ्या मजल्यापर्यंत जायला फार वेळ लागतो हो!

एक मागणं कमिटीकडे. आपलं सोसायटी ऑफिस शनिवारी संध्याकाळी बंद असतं. त्याची एक तासासाठी किल्ली मिळाली, तर वाचताना अडणाऱ्या मुलांना मी बसवीन. फी नाही, परीक्षा नाही, लाल पेन नाही. काकू आज पहिल्या रांगेत बसल्या आहेत. आता त्यांना फार वेळ बसवत नाही, पण त्यांनी ते ताट मला देऊन टाकलंय. ताट मी आणतो, रवा तुमच्यापैकी कोणीतरी आणा.