बत्तीस अंश आणि छत्तीस वर्षे

(विज्ञान दिनानिमित्त विद्यार्थी व पालक यांच्यासमोर दिलेल्या भाषणाचा संपादित अंश)



सभागृहात येताना एका गृहस्थांनी मला दाराशीच गाठले. म्हणाले, "मुलगी रसायनशास्त्रात संशोधन करायचे म्हणते. त्यातून पुढे होणार काय, तेवढे आज सांगा." प्रश्न रास्त आहे. उपदेशाने त्याचे उत्तर देता येत नाही. म्हणून एका पदार्थाची हकिकत सांगतो.

साखर गार पाण्यापेक्षा गरम पाण्यात अधिक विरघळते, हा घरोघरचा अनुभव. परंतु पॉली-एन-आयसोप्रोपिल-अ‍ॅक्रिलअमाइड या लांबलचक नावाच्या बहुवारिकाची, म्हणजे पॉलिमरची, रीत नेमकी उलटी आहे. थंड पाण्यात तो सुखेनैव विरघळतो. पाणी सुमारे ३२ अंश सेल्सिअसच्या वर तापले की तो पाण्याची संगत सोडतो आणि द्रावण दुधासारखे पांढरे होते. निववले की पुन्हा नितळ! उकडलेले अंडे पुन्हा कच्चे होत नाही. येथे मात्र परतीची वाट मोकळी असते. १९६८ साली कॅनडातील हेस्किन्स आणि गिलेट यांनी या वर्तनाचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्या वेळी त्याचा उपयोग काय, असे कोणी विचारले असते तर सांगण्यासारखे फारसे काही नव्हते.

हे घडते कसे? या साखळीरेणूचा काही भाग पाण्याशी हायड्रोजन बंधाने जोडला जातो, तर काही भाग तेलासारखा पाण्याशी फटकून वागतो. थंडीत त्या फटकून वागणाऱ्या भागाभोवती पाण्याचे रेणू शिस्तीने रांग धरून उभे असतात. उष्णता वाढली की ही रांग मोडते, पाणी मोकळे होते आणि साखळ्या एकमेकींना बिलगतात. याच साखळ्या मधूनमधून एकमेकींना कायमच्या सांधल्या, तर पदार्थ विरघळत नाही. पाणी पिऊन फुगतो. त्यालाच आपण जेल म्हणतो. भिजवलेला साबुदाणाही पाणी पिऊन फुगतो, पण प्यालेले पाणी परत देत नाही. हा जेल मात्र ऊब लागताच पाणी टाकून आकसतो.

अमेरिकेतील एम.आय.टी. या संस्थेत तोयोइची तानाका यांनी १९७८ साली दाखवले की, परिस्थितीत अल्पसा बदल होताच जेल एकाएकी आकसू शकतो. पण व्यवहारात एक अडचण होती. पाणी आत-बाहेर झिरपण्यास लागणारा वेळ आकाराच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. एका सेंटिमीटरच्या गोळ्याला पुरते आकसण्यास कित्येक दिवस लागू शकतात. तोच कण एका मायक्रोमीटरचा, म्हणजे दहा हजार पटींनी लहान केला, तर हा काळ दहा कोटी पटींनी कमी होतो. म्हणूनच १९८६ साली पेल्टन आणि शिबांते यांनी या पॉलिमरचे सूक्ष्म कण, म्हणजे मायक्रोजेल, तयार केले त्याचे महत्त्व. पाण्यात तरंगणारा असा कण क्षणार्धात आकसतो. व्यास निम्म्यावर आला, तर घनफळ एक अष्टमांश उरते. उरलेले पाणी, आणि त्याबरोबर आत साठवलेले औषधही, बाहेर पडू शकते.

या विषयात आपले पुणेही मागे नव्हते. राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत डॉ. रघुनाथ माशेलकर, डॉ. आशिष लेले आणि डॉ. बडिगेर यांनी १९९० च्या दशकात अशा जेलच्या फुगण्या-आकसण्यामागील ऊष्मागतिकीचे गणित मांडले.

आता या कथेतील मला सर्वांत प्रिय असलेला भाग सांगतो. प्रयोगशाळेत बशीत वाढवलेल्या पेशी तळाला घट्ट चिकटतात. त्या सोडवण्यास विकर वापरावे लागते आणि त्यात पेशींची परस्परांतील वीण उसवते. टोकियो येथील तेरुओ ओकानो यांनी बशीच्या तळावर याच पॉलिमरचा अतिसूक्ष्म थर चढवला. ३७ अंशांवर पेशी वाढल्या. नंतर बशी थंड केली; थराने पाणी धरले आणि पेशींचा अखंड पापुद्रा आपोआप सुटून आला. २००४ साली जपानमधील कोहजी निशिदा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दोन्ही डोळ्यांची बुबुळे निकामी झालेल्या चार रुग्णांच्या तोंडातील अस्तराच्या पेशी घेऊन असे पापुद्रे वाढवले आणि एकही टाका न घालता डोळ्यावर बसवले. चारही रुग्णांची दृष्टी सुधारली.

मित्रहो, टाळ्या वाजवण्यापूर्वी दुसरी बाजूही ऐका. शरीराचे तापमान ३७ अंश. तेथे हा पॉलिमर आधीच आकसलेला असतो. औषध वाहून नेण्यासाठी त्यात अन्य घटक मिसळून त्याचा अंश वर न्यावा लागतो. तो शरीरात सहजी विघटित होत नाही. ज्या मूळ रेणूपासून तो बनतो तो विषारी असल्याने त्याचा अंशही मागे राहून चालत नाही. म्हणून मायक्रोजेलपासून औषधे मिळण्याची आश्वासने पुष्कळ असली, तरी प्रत्यक्ष रुग्णाच्या हाती पडलेले थोडे आहे. हे लपवणे म्हणजे विज्ञानाशी आणि रुग्णाशीही प्रतारणा होय.

१९६८ ते २००४ ही छत्तीस वर्षे झाली. पहिला अभ्यास झाला तेव्हा डोळ्याचा विचारही कोणाच्या मनात नव्हता. ज्यांनी ३२ हा आकडा काटेकोरपणे मोजला, त्यांना त्या चार रुग्णांचे चेहरे कधी दिसणार नव्हते. तरीही त्यांनी मोजमापात कसूर केली नाही.

दाराशी भेटलेल्या त्या सद्गृहस्थांना मी इतकेच सांगेन : आपल्या कन्येच्या हातून काय घडेल, हे मी सांगू शकत नाही, तीही सांगू शकणार नाही. तिला लवकर मानमरातब मिळेल, असे वचनही देत नाही. पण ती जे मोजेल ते खरे मोजेल, एवढा संस्कार आपण तिला द्यावा आणि धीर धरावा. पुढचे काम कोणी तरी त्यावरच उभारणार आहे.