साहसाची शिदोरी

पावसाळ्यात सह्याद्रीतले धुके क्षणार्धात वाट गिळते. १४२४ मीटर उंचीच्या हरिश्चंद्रगडावर अवचित रात्र काढावी लागली, तर आधार पाठीवरच्या पिशवीचाच. तीत विजेरी, जादा सेल, शिट्टी, प्लॅस्टिकचा मोठा कागद, क्रेप बँडेज, जलसंजीवनी, गूळ-शेंगदाणे आणि कोरडा लोकरी सदरा असावा. भिजलेले सुती वस्त्र अंगाची ऊब हिरावून घेते.

वाट चुकल्यास भटकू नये. मिनिटात सहा शिट्ट्या, मग मिनिटभर विराम, हा गिर्यारोहकांचा आंतरराष्ट्रीय संकेत होय. तो ऐकणारे कोणी यावे, म्हणून वाट व परतीची वेळ पायथ्याच्या गावी सांगून निघावे. बेसावध साहसाची किंमत शोधासाठी अंधारात कडे चढणाऱ्या गावकऱ्यांनाही मोजावी लागते, याचे भान प्रत्येकाने ठेवावे.