निराधारांचे अनुदान आणि आपला संकोच

(ज्ञातीच्या वार्षिक मेळाव्यात नागपूर येथे केलेले भाषण)



दरवर्षी या मेळाव्यात गुणवंत विद्यार्थ्यांचा सत्कार होतो, उपवर मुलामुलींची यादी वाचली जाते आणि नंतर एखाद्या विद्वानाचे व्याख्यान होते. यंदा ते काम कार्यकारी मंडळाने मजकडे सोपविले. मी विद्वान नव्हे. माझी उमेदीची सारी वर्षे महसूल खात्यात कारकुनी करण्यात गेली. तेव्हा ज्या कागदांत माझे केस पिकले त्यांविषयीच बोलावे असे मी ठरविले. गरीब कुटुंबाने सरकारी अनुदानासाठी अर्ज कसा करावा, हा माझा विषय. तो रुक्ष आहे आणि जेवणाची वेळही जवळ येत चालली आहे. तथापि टिमकी, तांडापेठ, गोळीबार चौक या आपल्या वस्तीतल्या पुष्कळ घरांतील चुलीशी त्याचा संबंध आहे, म्हणून थोडा वेळ मागून घेतो.

आपण विणकरांची ज्ञाती. घरात माग होता तोवर म्हातारा मनुष्यही कांड्या भरून घरास हातभार लावी. कोणापुढे हात पसरावयाचा नाही हे आपल्या वाडवडिलांचे व्रत होते आणि त्याचा मला अभिमान आहे. परंतु माग गेले आणि गिरण्याही गेल्या. व्रत मात्र उरले. त्यामुळे आज आपल्यातील विधवा बाई चार दिवस अर्धपोटी राहील, पण ‘सरकारी पैसा’ मागण्यास जाणार नाही. गेलीच तर शेजारणीला कळू न देता जाईल.

या संकोचावर माझे एकच उत्तर आहे, आणि ते याच शहरातील आहे. १८७७ साली जमशेटजी टाटांनी नागपुरात एम्प्रेस मिल सुरू केली. तिच्या साच्यांवर आपल्या पुष्कळ घरांतील माणसे राबली. त्या गिरणीत १८८६ साली निवृत्तिवेतनाचा निधी निघाला. त्या वेतनास कोणी भिक्षा म्हटले नाही. आयुष्यभर राबलेल्या माणसाचे ते देणे आहे असेच सर्वांनी मानले. मग साऱ्या राज्याने आपल्या थकल्याभागल्या माणसांस दिलेले अनुदान तेवढे भिक्षा कशी होते? वार्धक्य, आजारपण आणि अपंगत्व यांत नागरिकास साहाय्य मिळावे यासाठी राज्याने आपल्या ऐपतीप्रमाणे तरतूद करावी, असे आपल्या घटनेचे ४१ वे कलम सांगते. महाराष्ट्रात १९८० साली संजय गांधी निराधार अनुदान योजना आली. १९९५ साली केंद्र सरकारने वृद्धांस दरमहा ७५ रुपये देण्यास आरंभ केला आणि २००६ मध्ये ते २०० केले. राज्याची रक्कम २०१९ मध्ये ६०० वरून १,००० वर गेली आणि २०२३ मध्ये १,५०० झाली. अपंगांसाठी ती २,५०० करण्याचा निर्णय २०२५ मध्ये झाला. एवढ्यात घर चालत नाही हे मला कळते. परंतु औषध येते, किराणा दुकानदाराचे देणे फिटते आणि सुनेपुढे हात पसरावा लागत नाही.

आता एक गोष्ट सांगतो. ती मला भूषणावह नाही. दहा-बारा वर्षांपूर्वी मी खिडकीच्या आतल्या बाजूस बसत असे. आपल्याच ज्ञातीतील एक विधवा अर्ज घेऊन आली. शिधापत्रिकेवर तिचे नाव वत्सला, तर बँकेच्या पासबुकावर वच्छलाबाई. पतीच्या मृत्यूच्या दाखल्यावर त्याच्या वडिलांचे नावही निराळे पडले होते. मी अर्ज परत केला आणि ‘नावे सारखी करून आणा’ एवढेच म्हणालो. नियमाने मी चुकलो नव्हतो. पण नावे सारखी कशी करावयाची, कोठे जावयाचे, कोणता कागद करावयाचा, हे सांगण्यास मला दोन मिनिटे लागली असती. ती मी दिली नाहीत. मागे रांग होती. बाई पुन्हा आली नाही. पुढे एका लग्नात ती पंगतीला वाढताना दिसली, तेव्हा चौकशी केली. ती म्हणाली, “भाऊ, तुम्ही आपल्यातले. तुम्हीच परत पाठवलं, मग दुसऱ्या कोणापाशी जाऊ?”

दोन्ही नावांची व्यक्ती एकच आहे असे प्रतिज्ञापत्र करून आणि मृत्यूच्या नोंदीत दुरुस्ती करून पुढे तिचे काम झाले. परंतु मध्ये चौदा महिने गेले होते. तेव्हा अनुदान दरमहा ६०० रुपये होते. म्हणजे ८,४०० रुपये. मंजुरीपूर्वीचे महिने कोणी भरून देत नाही. तो हिशेब मी अद्याप विसरलेलो नाही, आणि आज येथे उभा राहण्याचे खरे कारणही तेच आहे.

तेव्हा कागदांविषयी. पासष्टीच्या आतील निराधार, विधवा, परित्यक्ता, अपंग, दुर्धर रोगाने खंगलेले आणि अनाथ मुले यांच्यासाठी संजय गांधी योजना. पासष्टीनंतर श्रावणबाळ योजना. अर्ज तहसील कार्यालयात जातो. वयाचा पुरावा, महाराष्ट्रात पंधरा वर्षे राहत असल्याचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, शिधापत्रिका, आधार आणि पासबुक हे कागद लागतात. शिवाय विधवेस पतीच्या मृत्यूचा दाखला आणि अपंगास शासकीय रुग्णालयाचे प्रमाणपत्र लागते. ही यादी कोणीही सांगेल. अडचण यादीत नसते. एका कागदाचा दुसऱ्याशी मेळ बसत नाही, तेथे असते. म्हणून घरात मृत्यू झाला की दुःखातही कोणी तरी एकाने हे काम अंगावर घ्यावे: एकवीस दिवसांच्या आत नोंद करावी आणि ती करताना मृताचे नाव आधारावरून अक्षर न् अक्षर उतरवून द्यावे. तेराव्याच्या खर्चाची चर्चा आपल्याकडे चार भाऊ मिळून करतात. या नोंदीची आठवण एकालाही होत नाही.

दारिद्र्यरेषेखालील घरातील कर्ता मनुष्य साठीच्या आत वारला तर केंद्राच्या कुटुंब लाभ योजनेतून एकरकमी २०,००० रुपये मिळतात, हेही पुष्कळांस ठाऊक नसते. आणि पैसा आता आधारशी जोडलेल्या खात्यात थेट जमा होतो. आधार ज्या बँकेशी शेवटी जोडले तेथे तो जातो. आपल्या आयाबहिणी मात्र जुनेच पासबुक घेऊन चकरा मारतात, ‘पैसे बंद झाले’ म्हणून रडतात, आणि पैसे दुसऱ्या बँकेत स्वस्थ पडलेले असतात.

यापुढचा मुद्दा अवघड आहे. या दोन्ही योजनांस कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा २१,००० रुपये ठेवलेली आहे. अपंगांपुरती ती ५०,००० केली आहे. २१,००० म्हणजे महिन्यास १,७५० आणि दिवसास साडेसत्तावन्न रुपये. तीन घरची धुणीभांडी करून महिन्याला ३,००० मिळविणारी विधवा या मापाने निराधार ठरत नाही. दारिद्र्यरेषेच्या यादीत ज्यांचे नाव पूर्वीच चढले त्यांचे काम सुकर होते. इतरांनी काय करावे? दारात उभा असलेला दलाल सांगतो, ‘कमी उत्पन्न लिहा.’ मी असा सल्ला देणार नाही. खोट्या दाखल्याचे ओझे पुढे त्या बाईच्याच डोक्यावर येते. दलाल त्या वेळी कोठेच नसतो.

२०२४ च्या जुलैत ‘माझी लाडकी बहीण’ योजना आली तेव्हा २१ ते ६५ वर्षांच्या स्त्रीस त्याच १,५०० रुपयांसाठी अडीच लाखांची मर्यादा ठेवण्यात आली आणि पिवळी वा केशरी शिधापत्रिका असल्यास उत्पन्नाच्या दाखल्यातून सूटही देण्यात आली. त्या योजनेच्या गुणदोषांत मी शिरत नाही. ते काम राजकारणी मंडळी हौसेने करतात. मी फक्त दोन दारे शेजारी ठेवून पाहतो. भांडी घासणारी पंचावन्न वर्षांची बाई या दारातून आत जाते. ती पासष्टी ओलांडते, हात चालेनासे होतात, आणि नेमक्या त्या वेळी हे दार बंद होते. दुसरे उघडण्यासाठी तिला सिद्ध करावे लागते की मुलासह साऱ्या घराची मिळकत दिवसाला साडेसत्तावन्न रुपयांहून अधिक नाही. ज्या वयात आधार हवा त्याच वयात माप आखूड होते! हिवाळी अधिवेशनासाठी सारे सरकार आपल्या शहरात येते. आपल्या संस्थेचे शिष्टमंडळ तेव्हा सभागृहासाठी जागा मागण्यास जाते, तसेच या २१,००० च्या आकड्याविषयीही एक निवेदन घेऊन जावे, अशी मी कार्यकारी मंडळास या व्यासपीठावरून विनंती करतो. मसुदा मी करून देईन. तेवढी कारकुनी अजून हातात आहे.

तोवर आपल्या हाती असलेले काम आपण करू. दर रविवारी सकाळी नऊपासून मी समाजभवनाच्या ओसरीवर बसणार आहे. ज्यांना अर्ज करावयाचा आहे त्यांनी घरातील सर्व कागद, फाटकेतुटकेसुद्धा, एका पिशवीत घालून आणावेत. मूळ कागद कोणाजवळही ठेवून देऊ नयेत, माझ्याजवळसुद्धा नाही. ज्यांचे अनुदान आधीच सुरू आहे त्यांनी पासबुक आणावे आणि यंदाचा हयातीचा दाखला दिला किंवा नाही ते आठवून यावे. बायकांना एकटीने येण्याचा संकोच वाटत असेल तर सूनबाईस अथवा शेजारणीस बरोबर आणावे. दोन तरुण पदवीधरांनी संगणकावर अर्ज भरून देण्याचे कबूल केले आहे. आणखी दोघे मिळाले तर दुपारी जेवणापूर्वी काम उरकेल.