पडद्यावर आलेल्या पहिल्या मायलेकी
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मला भाषण करता येत नाही. सातवीनंतर शाळा सुटली ती सुटलीच. पुढे चारचौघींत उभी राहून बोलले ते फक्त उखाणा घेताना. पण मंडळाने मूकपटातील नटीविषयी बोलण्यास सांगितले, आणि जे वाचले त्याने माझ्याच मनाला चिमटा बसला. म्हणून उभी आहे.

१९१३ साली दादासाहेब फाळके यांनी 'राजा हरिश्चंद्र' काढला. त्यात तारामती कोणी व्हावे? घरंदाज बाई मिळेना हे आपण समजू शकतो. पण ज्यांना समाजाने आधीच दूर लोटले होते, त्या बायकांनीही नकार दिला! शेवटी एका खाणावळीत स्वयंपाक करणारे साळुंके नावाचे गृहस्थ लुगडे नेसून तारामती झाले. हे ऐकून माझी जाऊ म्हणाली, "स्वयंपाक्याला राणी होता येते, मग आपणच का गं चुलीपाशी राहिलो?"

पुढच्याच 'मोहिनी भस्मासुर' या मूकपटात मात्र बायका आल्या. पार्वती झाल्या दुर्गाबाई कामत, आणि मोहिनी झाली त्यांची लेक कमला. वय अवघे तेराच्या आसपास.

मला खरे नवल वाटते ते आईचे. दुर्गाबाई नवऱ्यापासून वेगळ्या झालेल्या, पदरात लहान पोर. त्या काळी अशा बाईने पोटाला कसे मिळवायचे? लोकांची धुणीभांडी करायची, नाही तर दुसऱ्याच्या घरी पोळ्या लाटायच्या. दुर्गाबाईंनी नाटक कंपनीची वाट धरली. रंगभूमीवरही तेव्हा बायकांची कामे बहुधा पुरुषच करीत. लोक काय बोलले असतील ते मी सांगायला नको, आपण सगळ्या गावातच राहतो. कमलाबाई चार वर्षांच्या असतानाच रंगभूमीवर उभ्या राहिल्या होत्या.

नाटकात पाठ केलेले बोलणे आणि गाणे हाताशी असते. मूकपटात ते काही नाही. डोळे, मान आणि हात यांवरच सगळे भागवायचे. त्यात मोहिनी म्हणजे नाचता नाचता भस्मासुराला स्वतःच्या डोक्यावर हात ठेवायला लावणारी! तेरा वर्षांच्या पोरीने ते केले.

पुढे कमलाबाईंचे लग्न रघुनाथराव गोखले यांच्याशी झाले. थोरले चिरंजीव चंद्रकांत १९२१ साली आपल्या मिरजेत जन्मले. कमलाबाईंना ऐन पंचविशीत वैधव्य आले. मुले लहान. बाई रडत बसल्या नाहीत असे मी म्हणणार नाही, रडल्याही असतील. पण काम सोडले नाही. रंगभूमीवर त्यांनी पुरुषांच्या भूमिकाही केल्या. म्हणजे साळुंक्यांची परतफेड झाली म्हणायची! बोलपट आले, त्यांतही त्या दिसल्या. १९८० सालच्या 'गहराई' या हिंदी चित्रपटापर्यंत. चंद्रकांत गोखले आणि नातू विक्रम गोखले यांना तर आपण घरबसल्या पाहिले. रीना मोहन यांनी कमलाबाईंवर माहितीपट केला, तेव्हा बाई नव्वदीच्या घरात होत्या.

आता चिमटा कसला, ते सांगते. गेल्या महिन्यात माझ्या धाकटीला एका नाटकात काम मिळाले. तालमी रात्री आठ वाजता. मी सरळ नको म्हटले. आपले विट्याचे लोक सोन्याचांदीच्या गलाईसाठी कुठल्या कुठे मुलखात जातात, त्याचे आपल्याला कौतुक. आणि माझी मुलगी दोन गल्ल्या ओलांडून तालमीला जाणार, तर मला शेजारणी काय म्हणतील याची धास्ती. त्यांपैकी दोघी आज पहिल्या रांगेत बसल्या आहेत, त्यांनी रागावू नये. पोर चार दिवस माझ्याशी बोलली नाही. मुकाट्याने पोळ्या लाटीत होती.

काल रात्री मी तिला म्हटले, "जा." नाटकवाल्यांनी अजून ते काम दुसरीला दिलेले नाही. तालीम सोमवारी आहे, आणि तिला पोचवायला मी स्वतः जाणार आहे.