विस्मरण झाले तरी माणूस तोच



एलूल महिना चालू आहे. रोश हाशाना जवळ आला असता प्रत्येकाने स्वतःची पारख करावी, असा आपला दंडक आहे. परंतु पारखणारा आणि ज्याची पारख करावयाची तो, हे दोघे एकच कशावरून? गतवर्षी ज्याने कठोर शब्द उच्चारला, तोच आज क्षमा मागत आहे, हे कशाच्या आधारे म्हणावे? आपल्या मंडळीतील अनेक घरांत हा प्रश्न आता पुस्तकापुरता राहिलेला नाही, म्हणूनच आज मी तो निवडला आहे.

या देशातील तत्त्वज्ञ जॉन लॉक याने मानवी आकलनाविषयीच्या आपल्या ग्रंथाच्या १६९४ सालच्या दुसऱ्या आवृत्तीत या प्रश्नावर एक प्रकरण नव्याने घातले. त्याचे म्हणणे असे की, देह तोच म्हणून व्यक्ती तीच ठरत नाही. एखाद्या राजपुत्राचा आत्मा गतायुष्याच्या जाणिवेसह मोच्याच्या देहात शिरला, तर ती व्यक्ती राजपुत्रच होय. आपली जाणीव भूतकाळातील ज्या कृत्यापर्यंत पोहोचते, ते कृत्य आपले.

स्कॉटलंडच्या थॉमस रीड याने १७८५ साली यावर एक मार्मिक आक्षेप घेतला. एका मुलाला फळबागेत चोरी केल्याबद्दल फटके बसले. पुढे तरुण अधिकारी झाल्यावर त्याने शत्रूचे निशाण जिंकले. उतारवयात तो सेनापती झाला. अधिकाऱ्याला फटके आठवत होते. सेनापतीला निशाण आठवते, फटके मात्र साफ विसरले. मग लॉकच्या हिशेबाने सेनापती तो अधिकारी आहे, अधिकारी तो मुलगा आहे, आणि तरीही सेनापती तो मुलगा नाही! हे कसे मान्य व्हावे?

आपणा बेने इस्राएलांना याचे उत्तर शोधण्यास दूर जावे लागत नाही. परंपरा सांगते की, नवगावच्या किनाऱ्यावर गलबत फुटून आपले पूर्वज कोकणात उतरले. ग्रंथ गेले, इब्री भाषा विसरली गेली, हनुक्का ठाऊक राहिला नाही. उरला तो शेमा, आठव्या दिवसाची सुंता आणि शब्बाथ. शनिवारी तेलाचा घाणा बंद ठेवणारे म्हणून शेजाऱ्यांनी त्यांना शनवार तेली म्हटले. पुढे दाविद रहाबी आले, तेव्हा बायकांनी खवले व पर असलेले मासेच निवडून रांधावयास घेतले, आणि त्यावरून त्यांना ओळख पटली, अशी कथा आहे. तुम्हांला काय आठवते, यापेक्षा तुम्ही काय पाळता, हे त्यांनी पाहिले.

आता घराकडे वळू. माझ्या आईला अखेरची चार वर्षे विस्मृतीचा आजार होता. ती मला 'बाई, तुम्ही कुठल्या?' असे विचारी. जन्मभर मला 'अगं' म्हणणाऱ्या आईच्या तोंडचा तो 'तुम्ही' ऐकवत नसे. लॉकचा शब्द प्रमाण मानला, तर मला वाढविणारी ती बाई आधीच निघून गेली होती. परंतु शुश्रूषागृहातील सेविकेने तिच्या जेवणाविषयी विचारले, तेव्हा मांस व दूध एकत्र नको, शुक्रवारी दिवा हवा, हे मी सांगू शकले. तिच्या आयुष्याचा जो धागा तिच्या हातून सुटला होता, तो आम्ही मुलांनी धरला होता.

येथील कायदाही याच समजुतीवर उभा आहे. इंग्लंड व वेल्समधील २००५ च्या मानसिक क्षमता कायद्यानुसार, ज्याला स्वतः निर्णय घेता येत नाही त्याच्यासाठी निर्णय घेणाऱ्याने त्या माणसाच्या पूर्वीच्या व आताच्या इच्छा, भावना, श्रद्धा आणि मूल्ये, जेवढी कळू शकतील तेवढी, विचारात घ्यावयाची असतात. क्षमता असताना त्याने काही लिहून ठेवले असेल, तर त्याला विशेष महत्त्व असते. पूर्वीचा माणूस आणि आताचा माणूस निराळे असते, तर एकाची इच्छा दुसऱ्याला का लागू व्हावी?

योम किप्पुरला आपण पापांची कबुली अनेकवचनात देतो, आणि त्यात अजाणता घडलेली पापेही असतात. मला आठवत नाही, एवढ्याने ते कृत्य माझे नव्हे असे होत नाही. शेजारी उभा असलेला माझ्यासाठीही कबुली देत असतो. स्मरणशक्ती ही देणगी मोठी खरी. परंतु माणसाचा सारा भार तिच्यावर टाकणे आपल्या प्रार्थनेला मंजूर नाही.

म्हणून माझी एवढीच विनंती आहे. योम किप्पुरपूर्वी आपल्या घरातील वडीलधाऱ्यांपाशी निवांत बसावे. अन्न, प्रार्थना, उपचार, दफन यांविषयी त्यांची काय इच्छा आहे ते विचारावे, त्यांच्याच शब्दांत लिहून घ्यावे, तारीख घालून त्यांची सही घ्यावी, आणि एक प्रत त्यांच्या डॉक्टरांकडे द्यावी. आपल्यापैकी जे वयस्क आहेत, त्यांनी मुलांनी विचारण्याची वाट पाहू नये.

आपणां सर्वांना नवे वर्ष सुखाचे व आरोग्याचे जावो. शालोम.