'टोळीयुद्ध' नावाची बातमी



आफ्रिकेची बातमी आपल्या वर्तमानपत्रांत क्वचित येते, आणि येते तेव्हा ती बहुधा रक्तपाताची असते. ती पाठविणारा वार्ताहरही सहसा आपला नसतो. परदेशी वृत्तसंस्थांकडून मजकूर येतो, आपला उपसंपादक त्याचे मराठी करतो, आणि इंग्रजी 'ट्राइब' ह्या शब्दासाठी पुष्कळदा 'टोळी' हा शब्द घालतो. आता टोळी म्हटले की आपल्याला काय आठवते? दरोडेखोरांची टोळी! म्हणजे मथळा वाचतानाच निम्मा निकाल लागला. ते लोक तसेच, भांडायचेच. आपण पान उलटावे, हे बरे. ह्या निकालाची आज थोडी उलटतपासणी करावयाची आहे. साक्षीला एकच प्रकरण घेऊ: १९९४ सालचे रवांडा.

रवांडा हा मध्य आफ्रिकेतील लहानसा, डोंगराळ आणि दाट वस्तीचा देश. ६ एप्रिल १९९४ च्या रात्री राष्ट्राध्यक्ष हाब्यारिमाना ह्यांचे विमान राजधानी किगालीजवळ पाडण्यात आले. पुढच्या सुमारे शंभर दिवसांत, संयुक्त राष्ट्रसंघाच्या अंदाजाप्रमाणे, आठ लाखांच्या आसपास माणसे मारली गेली. त्यांतली बहुतेक तुत्सी समाजाची होती. पाश्चात्त्य वृत्तपत्रांतून आणि दूरचित्रवाणीवरून पहिल्या काही आठवड्यांत ह्या घटनेला दिलेली नावे साधारण अशी होती: टोळ्यांचा संघर्ष, शतकानुशतकांचे वैर, अराजक. ही तिन्ही नावे आपण एकेक करून तपासू.

प्रथम 'टोळी'. हुटू आणि तुत्सी एकच भाषा बोलतात, तिचे नाव किन्यारवांडा. ते एकाच टेकडीवर शेजारी राहतात, बहुसंख्य एकाच ख्रिस्ती धर्माचे आहेत, त्यांची कुळेही समाईक आहेत, आणि आपसांत लग्ने होत आली आहेत. आता ज्या बेल्जमने त्यांच्यावर राज्य केले त्या देशाकडे पाहा. तेथे फ्लेमिश आणि वालून हे दोन समाज, भाषा दोन, प्रांत दोन, आणि तंटा जुना. पण त्यांना टोळ्या म्हटल्याचे आपण कधी वाचले आहे काय? ते 'भाषिक समाज' ठरतात, आणि एक भाषा बोलणारे आफ्रिकन शेजारी मात्र टोळीवाले ठरतात. मग हा शब्द माणसांचे वर्णन करतो, की पाहणाऱ्याच्या दृष्टीचे?

दुसरे, 'शतकानुशतकांचे वैर'. पूर्वी सगळे समान होते असे मी म्हणणार नाही. राजाचा दरबार मुख्यतः तुत्सींचा होता, आणि वेठबिगार हुटूंच्या वाट्याला येई. पण ही भिंत अभेद्य नव्हती. गुरे वाढली, मान वाढला, म्हणजे हुटूचे घराणे कालांतराने तुत्सीत मोडू शके. १९१६ साली बेल्जियन आले. त्यांनी नाके आणि उंच्या मोजून ह्या भेदाला वंशभेदाचे रूप दिले, १९३० नंतरच्या दशकात प्रत्येकाच्या ओळखपत्रावर त्याचा समाज लिहिला, आणि शाळा व अधिकार तुत्सींच्या हाती दिले. पुढे स्वातंत्र्याचे वारे वाहू लागताच त्यांनी आपले वजन हुटूंच्या पारड्यात टाकले. ह्या दोन नावांनी मोठ्या प्रमाणावर रक्त सांडू लागले ते १९५९ पासून. म्हणजे १९९४ साली ते वैर पस्तीस वर्षांचे होते. आपल्या सभागृहातील पुष्कळांचे वय त्याहून अधिक असेल!

तिसरे, 'अराजक'. युद्ध चालू होते, हे खरे. निर्वासित तुत्सींच्या मुलांनी उभारलेली रवांडा देशभक्त आघाडी युगांडातून १ ऑक्टोबर १९९० रोजी देशात शिरली होती. परंतु कत्तल झाली ती रणांगणावर नव्हे. ती रस्त्यावरच्या नाक्यांवर झाली, आणि तेथे माणसांची ओळखपत्रे तपासली जात होती. ती चर्चमध्ये झाली, शाळांत झाली. १९९३ पासून बोलू लागलेले 'हजार टेकड्यां'च्या नावाचे नभोवाणी केंद्र तुत्सींना झुरळे म्हणत होते, आणि कोणाला मारावे त्यांची नावे सांगत होते. ७ एप्रिलला ज्यांचा खून झाला त्या पंतप्रधान आगाथ उविलिंगियिमाना स्वतः हुटू होत्या. हे टोळीयुद्ध असते तर त्यांना कोणी का मारावे? जेथे नाके आहेत, याद्या आहेत आणि नभोवाणी आहे, तेथे राज्ययंत्र मोडलेले नसते; ते कामाला लागलेले असते.

कोणी म्हणेल, शब्दांवरून इतका वाद कशाला? मंडळी, शब्दावरून उपाय ठरतो. युद्ध म्हटले की दोन बाजू आल्या, दोघांनाही तह करा म्हणून सांगता येते. अराजक म्हटले की कोणाचाच इलाज नाही. पण संहार म्हटले की करणारा आला, आणि त्याचा हात धरावा लागतो. रवांडात राष्ट्रसंघाचे सुमारे अडीच हजार सैनिक होते. २१ एप्रिलला सुरक्षा समितीने ती संख्या २७० वर आणण्याचे ठरविले. हे केवळ बातम्यांमुळे घडले असे नाही. मोठ्या राष्ट्रांना तेथे गुंतावयाचेच नव्हते. परंतु न गुंतण्याला एक सभ्य निमित्त हवे होते, ते ह्या शब्दांनी पुरविले.

वार्ताहरांवर सरसकट दोष ठेवणे अन्यायाचे होईल. पॅरिसच्या 'लिबेरासिओं' दैनिकात ११ एप्रिललाच 'वंशसंहार' हा शब्द छापून आला होता. काही जण जिवावर उदार होऊन किगालीत राहिले. पण बहुतेक परदेशी वार्ताहर युरोपियनांना नेणाऱ्या विमानांबरोबर निघून गेले, आणि एप्रिलअखेरच्या निवडणुकीसाठी पुष्कळ जण दक्षिण आफ्रिकेत जमले. कॅमेरे मोठ्या संख्येने आले ते जुलैत, झाईरमधील गोमा गावी, जेथे हजारो हुटू निर्वासित पटकीने मरत होते. त्यांचे दुःख खरे होते. पण त्या गर्दीत कत्तल करणारेही होते, आणि जगाने त्या सगळ्यांनाच कत्तलीचे बळी समजून अश्रू ढाळले.

आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरणाने २००३ साली त्या नभोवाणीच्या दोघा संस्थापकांना आणि एका नियतकालिकाच्या संपादकाला दोषी ठरविले. २००७ साली अपिलात काही आरोप रद्द झाले, शिक्षाही कमी झाल्या, तरी दोष सुटला नाही. जे 'शतकांचे वैर' म्हणून खपले, त्याला अशा रीतीने न्यायालयात माणसांची नावे मिळाली.

तरीही ही सवय गेलेली नाही. डिसेंबर २०१३ मध्ये दक्षिण सुदानात राष्ट्राध्यक्ष साल्वा कीर आणि त्यांनीच बडतर्फ केलेले उपाध्यक्ष रिएक माचार ह्यांच्यात सत्तेसाठी यादवी पेटली. तेव्हाही डिंका आणि नुएर ह्यांचे पुरातन वैर तयारच होते. समाजांनी एकमेकांचे गळे कापले, हे खोटे नाही. पण सुरी कोणी वाटली, हे त्या शब्दाने झाकले जाते.

म्हणून माझी विनंती एवढीच. पुन्हा अशी बातमी हाती येईल तेव्हा पान उलटण्यापूर्वी तिला चार प्रश्न विचारावेत: हे केव्हा सुरू झाले? हत्यारे कोणी दिली? लाभ कोणाचा? आणि ह्या दोन समाजांतील ज्यांनी शेजाऱ्याला घरात लपविले, त्यांची गोष्ट कोठे आहे? बातमी जर उत्तरादाखल केवळ 'जुने वैर' एवढेच सांगू लागली, तर ती अपुरी आहे असे समजावे, आणि पुरी बातमी मागावी. तेवढा आपला अधिकार आहे; आपण वर्तमानपत्र विकत घेतो.