रजिया: एका नावाची कुळकथा

इ. स. 1236 मध्ये दिल्लीच्या तख्तावर बसलेल्या रजियेचे नाव शाळेत इतिहास वाचलेल्या प्रत्येकाच्या कानावरून गेलेले असते. त्या नावाचा अर्थ विचारला तर मात्र बहुतेकांना थबकावे लागते. वस्तुतः तो अर्थ मराठी माणसाच्या तोंडी रोजचाच आहे. कचेरीतून घेतलेली रजा, वरिष्ठांची मर्जी, व्याह्यांची नाराजी आणि कंटाळून दिलेला राजीनामा, हे सारे शब्द रजियेच्याच कुळातले होत.

अरबी शब्द बहुधा तीन व्यंजनांच्या धातूंतून घडतात. र, द आणि य यांच्या धातूचा अर्थ संतुष्ट होणे, संमती देणे असा आहे. त्यावरून ‘रादी’ म्हणजे संतुष्ट किंवा संमत. ‘रादिया’ हे त्याचे स्त्रीलिंगी रूप. ‘रदिय्या’ हे त्याच्या अगदी जवळचे दुसरे रूप, आणि ‘मर्दिया’ म्हणजे जिच्यावर कोणी प्रसन्न झाले आहे ती. कुराणाच्या 89 व्या सुरेत, शांत झालेल्या जीवाला ईश्वराकडे परत येण्यास सांगताना, ‘रादिया’ व ‘मर्दिया’ ही विशेषणे जोडीने आली आहेत. अरबीत जीववाचक ‘नफ्स’ हा शब्द स्त्रीलिंगी असल्याने ती विशेषणेही स्त्रीलिंगी झाली. मुलीला हे नाव ठेवताना श्रद्धाळू मातापित्यांच्या मनात तो संदर्भ सहज येतो.

या नावातील ‘द’ मात्र आपला साधा ‘द’ नव्हे. तो जड, घोटून काढलेला उच्चार अरबांचा खास. इराणी लोकांच्या जिभेला तो वळेना, म्हणून त्यांनी त्याचा ‘झ’ केला आणि फार्सीच्या वाटेने तोच हिंदुस्थानात आला. कादीचा काजी झाला, रमदानचा रमजान झाला, तशी रदिय्याची रजिया झाली. अरबी बोलणाऱ्या ट्युनिशियात जुना उच्चार टिकला. 1959 साली तेथील विधिमंडळात निवडून आलेल्या राधिया हद्दाद यांचे नाव हेच.

सर्वांत मौजेचा प्रवास राजीनाम्याचा. मराठेशाहीत तंटा पंचांपुढे गेला की वादी-प्रतिवादींकडून निवाडा मान्य करण्याचा लेखी कबुलीजबाब घेत. त्याचे नाव राजीनामा. पुढे इंग्रजी अमदानीत मुंबई इलाख्यात जमिनीवरचा हक्क सोडून देण्याच्या कागदालाही हेच नाव होते. आज तो शब्द अधिकारपद सोडण्यापुरता उरला आहे. संमतीचा कागद निरोपाचा कागद बनला!

सुलतान रजियेची कथाही संमतीचीच आहे. अल्तमशाने आपल्यामागे मुलीला गादी नेमली होती, असे तिचा समकालीन इतिहासकार मिन्हाज सांगतो. परंतु अमिरांनी तिचा भाऊ रुक्नुद्दीन यास बसविले. त्याचा कारभार सात महिनेही टिकला नाही. सुमारे शंभर वर्षांनी आलेल्या इब्न बतूताने ऐकलेली हकीकत अशी, की रजिया अन्याय झालेल्या फिर्यादीची रंगीत वस्त्रे नेसून लोकांसमोर आली आणि तिने दाद मागितली. दिल्लीकर राजी झाले. तिने ‘सुलतान’ हाच किताब घेतला. ‘सुलताना’ हे रूप तिला नंतरच्या लेखकांनी चिकटविले, ते काढून टाकलेलेच बरे.

तुर्क अमीर मात्र राजी नव्हते. याकूत या हबशी सरदाराला तिने वर चढविले, याचे निमित्त त्यांना पुरले. 1240 मध्ये तिची सत्ता गेली. भटिंड्याचा सुभेदार अल्तूनिया याच्याशी विवाह करून तिने पुन्हा दिल्लीवर चाल केली, पण पराभव होऊन कैथलच्या परिसरात दोघेही मारली गेली. राजाला शोभणारे सर्व गुण तिच्या अंगी होते असे मिन्हाज लिहितो, आणि लगेच विचारतो, की ती पुरुष नव्हती, मग त्या गुणांचा उपयोग काय?